तीन इंच वर

मी जीप बोलतेय. गवीपुरमच्या या गल्लीत, फाटकाच्या आत सगळ्यांच्या वर मान काढून उभी दिसते ना, ती मीच. येणारे-जाणारे थांबून माझे फोटो काढतात. माझ्या उंचीचं सगळ्यांना भारी कौतुक. मला मुळीच नाही.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात सगळ्यांचा जन्म सारखाच असतो. पहिली बारा वर्षं सकलेशपूरच्या एका कॉफीच्या मळ्यात गेली. चढ, चिखल आणि पाठीवर पोती. मग मला हंबीररावांनी विकत घेतलं.

हंबीरराव बेंगळुरातल्या जुन्या मराठा घराण्यातले. पूर्वज इथं कधी आले असं कुणी विचारलं, की ते शहाजीराजांच्या काळापासून सुरुवात करतात आणि समोरच्याची कॉफी गार होते. चाळीस वर्षं ते यंत्रांच्या कारखान्यात तपासनीस होते. केसाएवढी चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि या गोष्टीचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता.

दर शनिवारी सकाळी ते आणि त्यांच्या पत्नी सकवारबाई माझ्यात बसून कनकपुरा रस्त्यानं निघत. थर्मासात कॉफी, डब्यात चित्रान्न. सकवारबाई एका हातानं दांडी धरून, पदर सावरत डाव्या सीटवर चढत. मग रस्ताभर त्या बोलत आणि हंबीरराव ‘हं, हं’ करत गाडी चालवत. चिंचेच्या झाडाखाली थांबून दोघं कॉफी पीत. मला तर वाटे, माझा जन्म यासाठीच झाला.

पुढं हंबीरराव इंदिरानगरातल्या जीपवाल्यांच्या मंडळात जाऊ लागले. तिथं सगळ्यांच्या गाड्या उंच. त्यांच्यात मी अगदीच बुटकी दिसायचे, हे खरं. एका सकाळी त्यांनी विचारलं, “अगं, जीप स्वल्प उंच करून घेऊ का? तीन इंच.”

“सरी,” सकवारबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

या घरात ‘सरी’ हा कन्नड शब्द मिठासारखा सगळ्यात पडतो. ‘छान’ म्हणायचं तरी सरी, ‘चालेल’ म्हणायचं तरी सरी, आणि ‘तुम्ही ऐकणार थोडेच आहात’ म्हणायचं तरी सरीच. हंबीररावांनी त्यातला आपल्याला हवा तो अर्थ घेतला.

मला लांब स्प्रिंगा बसवल्या, मोठे टायर चढवले आणि माझं सगळं अंग बिघडलं. सायकलचा पुढचा चिमटा जरा तिरका असतो, म्हणून ती सरळ धावते. माझ्याही पुढच्या चाकांना तसा तिरकेपणा होता. उंच केल्यावर तो गेला. पुढचा ॲक्सल बोटभर एका बाजूला सरकला. स्टीअरिंगकडून चाकांकडे जाणारा दांडा इतका उतरता झाला, की प्रत्येक खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप वळू लागलं. मी रस्त्यावर भटकू लागले.

त्या शनिवारी सकवारबाईंचा पाय माझ्यापर्यंत पोचेना. हंबीररावांनी स्टूल आणलं. स्टूल डगमगलं, तसे शेजारचे दोघे धावत आले. एकानं दंड धरला, एकानं पाठीमागून आधार दिला, आणि ‘अक्का, हळू, अक्का, हळू’ करत तिघांनी त्यांना वर ढकललं. समोरच्या गच्चीवरून दोन बायका बघत होत्या. सकवारबाई त्या दिवशी रस्ताभर एक शब्द बोलल्या नाहीत. मी मात्र डावी-उजवीकडे झोकांड्या खात होते आणि त्यांनी समोरची दांडी घट्ट धरून ठेवली होती.

घरी आल्यावर हंबीररावांनी विचारलं, “कशी वाटली?”

“सरी. पुरे आता.”

त्यानंतर त्या माझ्यात बसल्या नाहीत.

हंबीररावांनी हिशेब मांडला: जीप भटकते म्हणून ही घाबरली, जीप सरळ चालू लागली की ही येईल. अहो, मोजमाप चुकलं ते इथं. पण मला कोण विचारतो?

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं माझं तिरकं दिसणारं स्टीअरिंगचं चाक उपटून सरळ बसवलं आणि “सरी आयतु! झालं नीट!” म्हणून हात झटकले. दिसायला सरळ झालं, पण आत सगळं तसंच. उलट एका बाजूला मी जास्त वळू लागले, दुसऱ्या बाजूला कमी.

मग हंबीररावांनी मला इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे नागनाथकडे नेलं. नागनाथ निपाणीकडचा, बोलतो मोठ्यानं, पण हात हलका. त्यानं स्टीअरिंगचं चाक परत काढून मूळच्या जागी बसवलं. माझ्या दोन्ही अंगांना दोऱ्या ताणल्या, ओळंबा सोडला. ॲक्सल मध्यावर आणला, उतरता दांडा आडवा केला, चाकांचा तिरकेपणा परत दिला. मग म्हणाला, “सायब, गाडी रिकामी ठेवून मोजलं तर चुकतंय बघा. शेजारी कोण बसतंय?”

“माझी बायको. बासष्ट किलो.”

नागनाथनं तेवढ्या वजनाचं वाळूचं पोतं डाव्या सीटवर ठेवलं. हंबीरराव त्या पोत्याकडे बघून हसले. मला ते हसू बघवलं नाही.

परत येताना मी इतकी सरळ धावले, की त्यांनी क्षणभर हात सोडून पाहिलं. घरी पोचताच हाक मारली, “सकू, चल, बघ तरी!”

“तुम्ही या जाऊन. मला काम आहे.”

तेव्हापासून ते एकटेच जातात. चिंचेखाली थांबतात, कॉफी ओततात आणि ‘हं’ म्हणावं असं बोलणारंही कुणी नसतं. खूप उदास वाटतं हो.

एका दुपारी ते बँकेत गेले असताना सकवारबाई अंगणात आल्या. गल्लीत कुणी नाही असं बघितलं. दांडी धरली, पाय उचलला. पोचला नाही. दुसरा पाय उचलून पाहिला. मग थोडा वेळ माझ्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. मला वाकता आलं असतं तर मी जमिनीला पोट लावलं असतं. शेवटी त्यांनी पदरानं सीटच्या कडेची धूळ पुसली आणि आत गेल्या. हे फक्त मलाच ठाऊक, आणि मला हंबीररावांशी बोलता येत नाही.

गेल्या आठवड्यात, एकटं फिरण्याला कंटाळून, हंबीररावांनी मला विकायला काढलं. मारतहळ्ळीहून अजिंक्य नावाचा तरुण बघायला आला. एक फेरी मारून उतरला. “काका, एकदम स्मूथ! अलाइनमेंट परफेक्ट आहे.” मग कॉफी घेऊन आलेल्या सकवारबाईंकडे बघून सहज म्हणाला, “पण काकू कशा चढतात हो यात?”

सकवारबाईंनी दोघांच्या हातात कप दिले.

“नाही चढता येत,” सकवारबाई म्हणाल्या. “तीन महिने झाले. आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.”

हंबीरराव कप तसाच ठेवून स्टूल आणायला वळले.

“बेडा, नको ते. मला पोत्यासारखं चढवू नका,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

अजिंक्य ‘नंतर फोन करतो’ म्हणून निघून गेला. हंबीरराव माझ्या दारापाशी बराच वेळ उकिडवे बसले. टेप काढली, जमिनीपासून माझ्या उंबऱ्यापर्यंत मोजलं, परत मोजलं. मग नागनाथला फोन लावला.

“नागनाथ, गाडी खाली घ्यायची.”

“का वो सायब? कुठं वडतीया का?”

“नाही. सरळ जाते.”

“मग? आता कुठं समदं जुळलंय. परत पयल्यापास्नं करायला लागंल की!”

“कर,” हंबीरराव म्हणाले. “सरळ जाते रे, पण मी एकटाच जातो.”

गुरुवारी नागनाथ माझ्या लांब स्प्रिंगा काढेल. वाचकहो, माझा फोटो काढायचा असेल तर त्याआधी काढून घ्या. मी पुन्हा बुटकी होणार आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण अजिंक्य येऊन गेला त्या दिवसापासून स्वयंपाकघरातून बोलण्याचा आवाज येत नाही, नुसता भांड्यांचा येतो. तीन इंच नागनाथ खाली आणेल. उरलेलं हंबीररावांनाच आत जाऊन करावं लागेल, आणि ते अजून माझ्याच दारापाशी उभे आहेत.