सुनेची शुगर

ठकुबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. सून रुचिकाला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा दुसऱ्याच महिन्यात तिनं वडपे गावातल्या अख्ख्या आळीत पेढे वाटले. ते मूल राहिलं नाही. पुढची दोनही नाहीत. दर वेळी शेजारची आक्का यायची आणि ओट्यावर मुकाट बसून राहायची. ते बसणं ठकुबाईला सोसत नसे.

चौथ्या खेपेला धामणकर नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "नजर नाही की शाप नाही, आजी. शरीराची राखण करणारी शक्तीच हिच्यावर उलटते, रक्ताच्या गुठळ्या होतात आणि बाळाला रक्त पोचत नाही. रोज पोटावर रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन घ्यायचं. बरेचदा टिकतं मूल."

गोडाऊनमध्ये गोणी उचलणारा मुलगा भूपेश बायकोची सुई बघूनच आडवा झाला. मग काय, नर्सकडून ठकुबाईच शिकली. आणि या वेळी तिनं ठरवलं, जीभ तुटली तरी बेहत्तर, पण बाळ हातात येईपर्यंत कुणाला सांगायचं न्हाय.

आक्कानं एकदा खिडकीतून सुई पाहिलीच.

"सुनेला शुगर हाय," ठकुबाईनं ठोकून दिलं.

"अगो बाय! जप गो तिला," आक्का म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी शहाळी घेऊन आली. मग डाळिंबं. मग कैरीचं लोणचं. एकदा तर तुपातला शिरा, वर म्हणे, "शुगरला लय चांगला!"

"आक्काला शुगरमधलं काय डोंबल कळतंय," ठकुबाई पोट धरून हसली. रुचिकानं मात्र वाटी चाटूनपुसून साफ केली. पोट दिसायला लागलं तेव्हा ठकुबाईनं 'सूज आलेय' म्हणून तेही निभावलं.

अखेर मुलगी झाली, चांगली खणखणीत रडणारी. ठकुबाई पेढे घेऊन धावतच आक्काकडे गेली. आक्कानं आतून एक चिमुकली गोधडी आणली, शिवून, धुवून तयार.

"ही कवा शिवलीस गो?"

"चौथ्या महिन्यात. शुगरवालीला कुणी शिरा देतं काय, येडे? सगल्या आळीला ठावं व्हतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तू लपवत व्हतीस, म्हून आमीबी लपवलं. तीनदा तुझ्या ओट्यावर गप बसले गो मी. यंदा मला हसत यायचं व्हतं."

ठकुबाईनं तिथंच बसकण मारली. पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून रडत राहिली. आक्का शेजारी टेकली, तिच्या तोंडात पेढा कोंबला आणि बाळाचं नाक कुणावर गेलंय ते विचारायला लागली.