शुक्रवारचा दस्तरखान

मी एक जुना दस्तरखान आहे. मित्रांनो, जमिनीवर अंथरून ज्याच्याभोवती घरची माणसं जेवायला बसतात, ते कापड म्हणजे मी. माझं सगळं आयुष्य बहरीनला, उम्म अल हस्समच्या एका फ्लॅटमध्ये गेलं.

अजरा गेल्याचं कळलं, तो शुक्रवार होता. सकाळी तिचं डोकं फार दुखू लागलं, म्हणून तिचा नवरा मुख्तार तिला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. जुम्म्याची नमाज झाल्यावर गावची पोरं नेहमीसारखी जेवायला आली. त्यांच्यातल्या मुनाफने शेजाऱ्यांकडून चावी आणून दार उघडलं. भाभी येईपर्यंत तयारी असावी, म्हणून त्याने मला अंथरलं, ताटं मांडली. तेवढ्यात टेलिफोन वाजला. मुनाफने ऐकून घेतलं, रिसीव्हर खाली ठेवला आणि म्हणाला, "भाभी गेली." मग एकेकाने आपलं ताट उचलून आत नेलं. अन्नाचा कण न सांडता माझी घडी झाली, असं त्या दिवशी पहिल्यांदाच घडलं.

मला अजरानेच शिवलं होतं. ती मनामाच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला होती. तिथे उरलेले निळे तुकडे जोडून तिने मला तयार केलं. मुख्तार अस्करच्या बाजूला कारखान्यात होता. दोघेही रत्नागिरीकडचे. त्यांच्या गावची पोरं इथे एकेका खोलीत दाटीने राहायची. ज्याचं कुटुंब इथे आहे, त्याने शुक्रवारी या पोरांना जेवू घालायचं, अशी रीत होती. ती कोणी ठरवली नव्हती, पण मोडतही कोणी नव्हतं. पोरं अजराच्या सुरमईच्या सालनाची, म्हणजे रश्शाची, तारीफ करायची. त्यातली थोडी मला माझीच वाटायची.

एकदा खोलीवर स्वयंपाक करताना गरम तेलाने मुनाफचा हात भाजला. अजरा रोज त्याची पट्टी बदलायची. दवाखान्यातल्या नर्सने हात पाहून विचारलं, इतकी नीट पट्टी कोण बांधतं? मुनाफने ते घरी येऊन सांगितलं. त्या दिवसापासून अजराच्या मनात एकच गोष्ट बसली.

तिने सगळी चौकशी केली. मग एका संध्याकाळी जेवण झाल्यावर तिने मुख्तारला उठू दिलं नाही. माझ्यावर एक ताट, एक वाटी आणि एक पेला ओळीने मांडला.

"हे ताट म्हणजे जीवशास्त्र, वाटी रसायनशास्त्र, पेला इंग्रजी. माझी बारावी कॉमर्सची, म्हणून आधी ही तीन पूर्ण करायची." मग तिने पाण्याचा जग पुढे ओढला. "आणि हे नर्सिंगचं कॉलेज."

मुख्तार म्हणाला, "आणि दुकान?"

"कॉलेज मिळालं की दुकान सोडणार."

तो नाही म्हणाला नाही. जीवशास्त्राची शिकवणी निवेदिता मॅडमकडे होती, जवळच, चालत जाण्यासारखी. पण ती शुक्रवारी सकाळी असायची. बाकीचे दिवस मॅडमना शाळा आणि अजराला दुकान.

पहिल्या काही शुक्रवारी अजरा पहाटे उठून सालन करून गेली. पण पोरं वाढू लागली. गावाहून नवीन कोणी आलं की त्यालाही मुनाफ घेऊन यायचा. तिने विचारलं, जेवण गुरुवारी संध्याकाळी ठेवू या का? मुख्तार म्हणाला, गुरुवारी निम्म्या पोरांची शिफ्ट असते.

"त्यांना काय सांगू? बायको शाळेत गेली म्हणून?"

"सांगा ना. नाहीतर भात त्यांनाच शिजवू द्या."

मुनाफ एकदा जेवता जेवता म्हणाला, "भाभी, तुम्ही नर्स झालात तर आम्हाला जेवायला कोण घालणार?"

"तुम्हाला असं इंजेक्शन देईन, की भूकच लागणार नाही."

सगळे हसले. मुख्तारही हसला. त्या शुक्रवारी तिची शिकवणी बुडाली होती.

शेवटी मुख्तार म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी छत्तीसची होईन."

"मग?"

"मग काही नाही. फक्त सांगितलं."

तरी जेवणं आटोपली की ती मला पुसायची आणि माझ्यावरच पुस्तक उघडून बसायची. दस्तरखान ओलांडू नये असं म्हणतात. मुख्तार तो नियम पाळायचा. ती वाचत असली की भिंतीच्या कडेने जायचा. माझा एवढा मान त्याने राखला.

ती गेल्यावर तो निवेदिता मॅडमकडे गेला, तिचं राहिलेलं पुस्तक आणायला. मॅडम म्हणाल्या, "सगळ्यात जास्त प्रश्न अजराच विचारायची. यायची तेव्हा."

घरी येऊन त्याने मला कपाटातून काढलं आणि अंथरलं. ताट, वाटी, पेला ओळीने मांडला, जग पुढे ठेवला आणि समोर बसून राहिला. मुनाफ आला होता. तो दारातच थांबला, मग म्हणाला, "भाई, आम्ही कुठेही जेवलो असतो."

आता शुक्रवारी माझ्यावर कोणी जेवत नाही. माझी निळी शिवण एका कडेला उसवली आहे.

मित्रांनो, जेवण झालं की आपलं ताट आपण उचला. वाढणाऱ्या बाईला विचारा, तुला आज कुठे जायचं आहे का? ती नाही म्हणाली, तरी पुन्हा विचारा. मी हे सगळं पाहत होतो, पण मी कापड. मला ते विचारता आलं नाही. ज्यांना विचारता येत होतं, ते जेवत होते.

अजराचं जीवशास्त्र अर्धं झालं. रसायनशास्त्र आणि इंग्रजी सुरू करायचं राहिलं.