फक्की मारलेले दगड

मी पाल बोलतेय. तुमच्या भिंतीवरची नव्हे, आणि तुमच्या मनात शंकेनं चुकचुकते तीही नव्हे. मी बोटाएवढी, दगडाच्या रंगाची, भोकरदनजवळच्या खडकाळ टेकडीवर राहणारी. आम्हाला वेगळं नाव द्यायची तसदी आजवर कुणी घेतली नाही.

टेकडीचा मालक पुंजाराम आम्हाला विषारी समजायचा आणि चार हात लांब राहायचा. तेच बरं होतं. मग रस्त्याच्या कामाला खडी लागली आणि त्यानं टेकडीचे दगड विकायला काढले. रोज टिपर भरून जायचे. मला पापण्या नाहीत; डोळ्यांतली धूळ जिभेनं चाटून काढावी लागते. चाटून चाटून मी थकून गेले.

भोकरदनहून बसनं कॉलेजातली एक पोरगी यायची, अर्पिता. गुडघ्यांवर बसून तासन्‌तास आम्हाला बघायची. तिनंच पुंजारामला समजावलं, "काका, ह्यांना विष न्हाई. अन् ह्या टेकडीबाहेर मला ह्या कुठंच दिसल्या न्हाईत."

म्हातारा विरघळला. "बरं बाई, ज्या दगडाखाली तुझ्या पाली असतील, तेवढे सोडू. खूण करून ठेव."

तिनं शोधून शोधून एकोणीस दगडांवर चुन्याच्या फक्कीनं पांढऱ्या फुल्या मारल्या. त्यातल्या एकाच्या पोटाला माझी दोन अंडी चिकटलेली होती. मला हायसं वाटलं. कधी नव्हे ते कुणीतरी आमची दखल घेतली होती.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम बाजाराला गेला आणि पोकलेनवाला पप्पू कामावर आला. फुल्या पाहून गडी खूश झाला. फुलीचे तेवढे दगड त्यानं बराबर उचलले. बाकीच्यांना धक्कासुद्धा लावला नाही. मी कशीबशी उडी मारून सुटले.

पुंजाराम आला तो ओरडतच. "आरं, ते सोडायचे व्हते!"

"मामा, फक्की मारली म्हंजे उचलायचं. आमच्या कामात असंच असतंय. मला काय म्हाईत?"

त्याचं तरी काय चुकलं? पण माझी अंडी गेली. त्यांची आता खडी झाली असेल. फार वाईट वाटतं, पण रागवायचं त्राण उरलं नाही.

कळल्यावर अर्पिता धावत आली. खाली बसून बराच वेळ रडली. मग डोळे पुसून उरलेल्या दगडांत आम्हाला शोधू लागली. आत्ता ती माझ्याच फटीपाशी वाकली आहे.

पोरी, तुझं मन चांगलं आहे. पण मी इथे नाही असं समज आणि पुढं जा.