टाकीतली साय

मी एक जुनी सिमेंटची टाकी आहे. सांधेदुखीच्या रुग्णालयामागे बिनखिडकीची एक खोली आहे, तिथे मी उभी असते. मित्रांनो, गरम पाणी निवेपर्यंत धरून ठेवायचं, एवढंच माझं काम होतं.

झऱ्याचं पाणी खोल जमिनीतून उकळत येई. येताना ते खडकातली सिलिका विरघळवून आणी. काच जिच्यापासून बनते, तीच ही सिलिका. माझ्यात पाणी निवलं की ती सगळी त्यात मावेना. मग तिचे न दिसणारे कण एकमेकांना चिकटत, त्यांची जाळी होई आणि जाळीत पाणी अडके. माझ्या भिंतींवर खळीसारखा बुळबुळीत थर धरे. वरचं स्वच्छ पाणी रुग्णांच्या हौदात जाई.

बावीस वर्षं एक मावशी रोज सकाळी स्टुलावर बसून, कोपरापर्यंत हात घालून, रबराच्या पट्टीने तो थर काढत होती. तिचे गुडघे गेले होते. बसून करता येईल असं रुग्णालयात हे एकच काम होतं. पाहुणे आले की माझं कौतुक होई. तिचं होत नसे.

नवे व्यवस्थापक मनाने चांगले होते. त्यांनी तिचे सुरकुतलेले हात पाहिले.

"मावशी, रोज कशाला भिजता? शनिवारी टाकी रिकामी करू. सोमवारी कोरड्यात घासा."

"साहेब, ही साय आहे. ओली असते तोवर निघते. वाळली की दगड."

"टाकी आहे हो ही, दुधाचं पातेलं नव्हे."

"पातेलं परवडलं. ते भिजत तरी घालता येतं."

साहेब हसले. शनिवारी पाणी सोडून दिलं.

उबदार खोलीत दोन दिवसांत थरातलं पाणी उडून गेलं. मागे पांढरी, कडक सिलिका राहिली. नळाचं तोंडही बुजलं. सोमवारी मावशीची पट्टी नुसतीच घासत राहिली. मग छिन्नी आणली. तिसऱ्या दिवशी मला तळापर्यंत तडा गेला. दुखलं असं म्हणता येणार नाही.

साहेबांनी चूक कबूल केली, लेखी. नवी टाकी आली. तिला आता यंत्र धुतं. मावशीला तिसऱ्या मजल्यावर चादरी पोचवायचं काम दिलं. दर दहा पायऱ्यांनी ती कठडा धरून थांबते, असं इथे येणाऱ्या बायका सांगतात.

मित्रांनो, एखाद्या वस्तूची निगा बदलायला निघालात, तर रोज तिच्यावरून जिचा हात फिरतो तिला आधी विचारा. ती सांगेल तेव्हा हसू नका.

माझ्यात आता झाडू ठेवतात. माझं चालतं. मावशीच्या निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत, आणि जिना तेवढाच उंच आहे.