शिट्टीवाल्याच्या गावचं देऊळ

"हात लावायचा नाही," सिस्टर म्हणाल्या.

चाकांच्या खुर्चीभोवती जमलेली माणसं जागच्या जागी थबकली. एकानं तर बाह्या सरसावून खुर्चीचं पुढचं चाक धरलंही होतं. चटका बसल्यासारखं त्यानं ते सोडलं.

"अहो मावशी, आम्ही नेतो ना वर. काही जड नाही तुम्ही. पायऱ्या बघा की केवढ्या आहेत."

"बघितल्या."

"मग?"

"मग काय? चढणार."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, मग सिस्टरांच्या निर्जीव पायांकडे, आणि शेवटी गाडीला टेकून उभ्या असलेल्या त्यांच्या जावेकडे.

"माझ्याकडे बघू नका," जाऊ म्हणाली. "मी नुसती ड्रायव्हर."

ती खरोखरच ड्रायव्हर होती. आठवडाभर शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. रविवारी व्हॅन मोकळी असायची, म्हणून मधली सीट काढून तिथं खुर्ची बसवायची आणि थोरल्या जावेला घेऊन निघायचं. शहर संपलं की गोदामं लागायची, मग वीटभट्ट्या, मग शेतं, आणि कुठल्यातरी फाट्यावर आत वळलं की एखादं गाव आणि त्या गावाबाहेर कुणी कधी नाव न ऐकलेलं देऊळ. जाऊ देवळात पाय ठेवत नसे. "देवाच्या वाटेला मी जात नाही, त्यानं माझ्या वाटेला येऊ नये," असं म्हणायची आणि गाडीपाशी थर्मासमधला चहा पीत बसायची.

सिस्टर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी घरादारात त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. नोकरीची सगळी वर्षं सरकारी दवाखान्यातल्या पुरुषांच्या वॉर्डात गेली. तिथं आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं यायची आणि ताप थोडा उतरला की आपापल्या देवाबद्दल बोलायला लागायची. मोठ्या, नावाजलेल्या देवाबद्दल नाही, स्वतःच्या गावातल्या. एकाच्या गावचा देव म्हणजे झाडाखालचा नुसता दगड, त्याला छप्पर चालत नाही, घातलं की वाऱ्यानं उडतं. एकाच्या देवळातली घंटा चिरलेली, पातेलं पडल्यासारखी वाजते. एकाची देवी गावाकडे पाठ करून बसलेली, का तर रुसलीय. सलाइन लावता लावता सिस्टर "हो का?" म्हणायच्या आणि पुढच्या खाटेकडे जायच्या.

मग मणक्यात गाठ झाली. ऑपरेशन झालं. गाठ गेली, जाताना पायही घेऊन गेली.

घरी बसल्या बसल्या त्यांना आठवायची ती ही देवळं. नवऱ्याला वाटलं, बायकोला देवदर्शनाची ओढ लागली. तो शिंपी होता, मऊ स्वभावाचा. त्यानं खटपट करून शहरातल्या मोठ्या देवळाची खास रांग मिळवली. तिथं स्वयंसेवकांनी सिस्टरांची खुर्ची अलगद उचलली आणि गर्दीच्या डोक्यावरून पुढे पोचवली. सिस्टरांना लोकांची टकलं दिसली, छताचा पंखा अगदी जवळून दिसला. देवाकडे बघेपर्यंत खुर्ची वळलीसुद्धा होती.

"आयुष्यभर माणसं उचलली मी," घरी आल्यावर त्या म्हणाल्या. "बेशुद्ध माणसालासुद्धा विचारायचे, उचलू का बाबा? मला कुणी विचारलं नाही."

तेव्हापासून त्यांनी ठरवलं, जायचं तर जिथं कुणाला घाई नाही अशा देवळात, आणि जायचं तर आपलं आपण.

"पडलीस म्हणजे?" नवरा म्हणाला होता.

"पडायला आधी उभं राहावं लागतं."

 त्या आठवड्यात नवऱ्यानं बायकोसाठी जाड कापडाची एक सलवार शिवली, बसायच्या जागी तंबूचं कापड दुहेरी लावून.

आता ती सलवार घालून सिस्टर खुर्चीवरून खालच्या पायरीवर उतरल्या. डोंगराकडे पाठ केली. दोन्ही तळवे मागच्या पायरीवर टेकवले, दम धरला आणि स्वतःला वर ओढलं. मग एकेक पाय हातानं उचलून वर घेतला. पुन्हा तळवे मागे.

जाऊ थर्मास गाडीत टाकून मुकाट्यानं मागोमाग आली. एरवी अशी येत नसे. एक पायरी सोडून खाली ती चालत राहिली, घसरल्या तर धरता येईल इतक्या अंतरावर. गावातली माणसं थोडा वेळ बघत राहिली, मग संकोचून पांगली.

पायऱ्या ओबडधोबड होत्या, काही गुडघ्याएवढ्या उंच. ऊन चढत होतं. निम्म्या वाटेवर सिस्टर थांबल्या. दंड थरथरत होते. नवऱ्यानं सलवारीचा विचार केला होता, हातांचा कुणीच केला नव्हता. तळवे सोलवटले होते.

"ताई, पुरे झालं," जाऊ म्हणाली. "देवाला काय, खालनंही दिसत असेल की तुम्ही आलाय ते."

"मला देवाला नाही भेटायचं."

"अहो, मग काय वाऱ्याला भेटायला चाललाय?"

सिस्टरांनी पदरानं, नव्हे, ओढणीनं तोंड पुसलं. सलवारीची त्यांना अजून सवय झाली नव्हती.

"आमच्या वॉर्डात एक रंगारी होता," त्या म्हणाल्या. "उंच इमारतींना दोरावर लोंबकळून रंग द्यायचा. यकृत गेलं होतं त्याचं. खाटेजवळची बेल बिघडलेली, म्हणून मला बोलवायला शिट्टी वाजवायचा. असली कडक शिट्टी, सगळा वॉर्ड दचकायचा. रागवायचे मी. शिट्टीवालाच नाव पडलं त्याचं."

"बरं."

"या गावचा. आई वर देवळात दिवाबत्ती करते म्हणायचा. तो जायला लागला तेव्हा गावाकडे निरोप धाडला. पण पावसानं पूल गेला होता. कुणी पोचू शकलं नाही. नंतर त्याचा भाऊ आला आणि घेऊन गेला. तेव्हा माझी ड्यूटी नव्हती. आई आलीच नाही. शेवटी काय झालं ते तिला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही मला."

जावेनं वर देवळाकडे नजर टाकली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग मी जाते वर आणि म्हातारीला आणते खाली. तिचे पाय धड असतील ना? तुम्ही इथंच सावलीत बसा."

"नाही."

"का पण?"

"वॉर्डात आम्ही असंच करायचो. घरच्यांना बाहेर बोलवायचो. व्हरांड्यात उभं करायचो आणि सांगून टाकायचो. ती माणसं भिंत शोधायची टेकायला." सिस्टरांनी तळवे पुन्हा मागे टेकवले. "हिला तसं नाही सांगायचं. हिच्याकडे मी जायचं."

जावेनं स्वतःची ओढणी काढली, दातानं फाडली आणि तिच्या पट्ट्या सिस्टरांच्या तळव्यांना गुंडाळू लागली. सिस्टरांनी दोन-तीन पायऱ्या चढून पाहिल्या आणि पट्ट्या सोडून दिल्या. हात घसरत होते.

"नवी होती हो ओढणी," जाऊ म्हणाली.

"माहीत आहे. सुंदर होती."

वर पोचेपर्यंत दोघींनाही धाप लागली होती. देऊळ म्हणजे एक बसकी काळी खोली, पुढे झाडलेलं अंगण. दार इतकं बुटकं की कुणालाही वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये. बसूनच सरकत येणाऱ्या सिस्टरांना वाकावं लागलं नाही. त्या उंबरठा ओलांडून आत गेल्या आणि भिंतीला पाठ टेकून बसल्या. आत गार होतं. समईच्या उजेडात एक वाळकी, ताठ म्हातारी फुलं निवडत बसली होती.

तिनं आलेल्या बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"उचलायला कुणी नव्हतं का गं तुला?"

"होते."

"आणि तू ऐकलं नाहीस."

"नाही."

"हं," म्हातारी म्हणाली आणि तिनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. सिस्टर घोट घोट पाणी प्यायल्या. श्वास ठिकाणावर आल्यावर त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"आजी, तुमचा एक मुलगा शहरात रंगारी होता. शिट्टी वाजवायचा."

म्हातारीचा हात फुलांत तसाच राहिला.

"तू कोण?"

"त्याच्या वॉर्डातली सिस्टर."

म्हातारीनं हातातलं फूल परडीत ठेवलं. मग देवाकडे बघत, जणू त्यालाच ऐकवत म्हणाली, "आम्ही पोचलो नाही. पूल गेलेला. नदीकाठी उभी होते मी दिवसभर. एकटा गेला माझा."

"एकटा नव्हता," सिस्टर म्हणाल्या. "मी होते."

म्हातारी वळली.

"दुपारची वेळ होती. शिट्टी वाजवायला गेला, पण नुसतेच ओठ हलले. मला कळलं. मी स्टूल घेऊन बसले. ड्यूटी संपली तरी बसले."

"दुखत होतं?"

"आधी दुखत होतं. मग औषध दिलं. शेवटी नव्हतं दुखत."

"पाणी मागितलं का त्यानं?"

"मागितलं. चमच्यानं पाजलं मी."

"प्यायला?"

"प्यायला."

म्हातारीनं मान हलवली. हे तिला फार आधीपासून विचारायचं असावं आणि विचारायला कुणी सापडलं नसावं.

"काही बोलला?"

"या दाराचं बोलला. लहानपणी पळत आत येताना कपाळ फुटलं होतं त्याचं. खोक दाखवली मला. म्हणाला, आईनं हळद भरली आणि वर एक धपाटा घातला."

"दोन घातले होते," म्हातारी म्हणाली. तिचा चेहरा हसल्यासारखा झाला. "दोन. एक लागून घेतलं म्हणून, आणि एक फुलांवर रक्त सांडलं म्हणून."

दाराबाहेर पायऱ्यांवर टेकून बसलेल्या जावेनं तोंड दुसरीकडे फिरवलं.

"हात धरला होतास त्याचा?"

"हो."

"कोणत्या हातानं?"

सिस्टरांनी उजवा हात पुढे केला. तळव्यावरची कातडी सोलून निघाली होती, मातीत रक्त मिसळून सुकलं होतं. त्यांना तो मागे घ्यावासा वाटला, पण म्हातारीनं मनगट पक्कं धरलं होतं. देवासाठी भरून ठेवलेल्या कळशीतून तिनं थोडं थोडं पाणी त्या तळव्यावर ओतलं. बोटांच्या बेचक्यांतली माती अंगठ्यानं हलकेच काढली. मग लुगड्याच्या पदरानं तो हात टिपला आणि टिपून झाल्यावरही सोडला नाही. दोन्ही हातांत धरून ती तशीच बसली.

बाहेर पावलं वाजली. पोराबाळांसह एक कुटुंब पायऱ्या चढून आलं, चपला काढल्या, आणि पुढचा माणूस सवयीनं दारात वाकला.

जाऊ उठून त्याच्या आडवी उभी राहिली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आत माणसं बसलीत."