शीतगृहात नेलेली फोर्कलिफ्ट

गोदामाची प्रमुख होती सून आणि तिच्या हाताखाली माल उचलणारी फोर्कलिफ्ट गाडी चालवायचे तिचे सासरे. घरी ते तिला सूनबाई म्हणायचे, कामावर मात्र न चुकता मॅडम. "दोन्हीकडे हुकूम तिचाच, मग हाक वेगळी कशाला?" म्हणून बाकीचे चेष्टा करायचे. सासऱ्यांनी शिस्त कधी मोडली नाही.

नवी फोर्कलिफ्ट घ्यायची होती. खडबडीत अंगणात ट्रक उतरवायचे आणि आत शीतगृहात खोकी रचायची. "एकाच गाडीत दोन्ही कामं भागवा," असा मालकाचा धोशा. विक्रेत्याने गॅसवरची एक गाडी ट्रायलला ठेवली होती. अंगणात ती अशी पळायची की सासरे तिच्या प्रेमातच पडले.

"ही फक्त बाहेर हं बाबा," सुनेने बजावलं. "आत धूर कोंडतो."

"धूर दिसतो कुठे?"

"दिसत नाही म्हणूनच सांगते."

त्या दुपारी आतली जुनी बॅटरीवाली गाडी चार्जिंगला लागलेली, आणि गोठवलेल्या मालाचा ट्रक उन्हात ताटकळत उभा. सून कचेरीत बसली होती. भिंतीपलीकडून इंजिनाची घरघर येतेय हे तिच्या लक्षात आलं. भिंतीपलीकडे शीतगृह होतं. घरघर कितीतरी वेळ एकाच जागी चालली होती.

तिने वॉकीटॉकी उचलला. "बाबा, कुठे आहात?"

तिने पुन्हा विचारलं. मग ओढलेल्या आवाजात उत्तर आलं, "आलो हं, सूनबाई."

कामावर सूनबाई? तशीच ती धावली. थंडी बाहेर जाऊ नये म्हणून दार घट्ट लावलेलं. तिने वॉचमनला हाक मारून मागचं दारही सताड उघडायला लावलं, छातीभर श्वास घेतला आणि आत घुसली.

गाडी रॅकला टेकून थांबली होती. सासरे स्टिअरिंग धरून मंद हसत होते. "दिवा लावा की, अंधार पडला," ते म्हणाले. डोक्यावर सगळे दिवे जळत होते.

तिने चावी फिरवली, त्यांना काखेत धरून ओढलं. माणूस जागचा हलेना. छाती फुटायला आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. इथेच दोघंही पडलो तर, एवढंच तिच्या मनात आलं. तेवढ्यात वॉचमनने नाकावर रुमाल धरून दुसऱ्या बाजूने हात घातला, आणि दोघांनी त्यांना फरफटत अंगणात आणलं.

बाहेर त्यांना भडाभडा उलटी झाली. रुग्णवाहिका येईपर्यंत ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नवऱ्याला फोन लावला.

डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. "इंजिनाच्या धुरातला विषारी वायू. थोडा उशीर झाला असता तर..." ते म्हणाले.

सासरे बरे झाले. सून मालकापुढे ठाम उभी राहिली. अंगणासाठी गॅसवाली आली, आणि शीतगृहासाठी थंडीत टिकणाऱ्या बॅटरीची वेगळी. मालक कुरकुरला, पण दोन्ही गाड्या आल्या.

बॅटरीवाली मात्र मांजरासारखी चालते, आवाजच नाही. आत शांतता पसरली की सुनेचा जीव टांगणीला लागतो. हातातलं काम टाकून ती दाराशी जाते आणि काचेतून आत बघत राहते.

"मॅडम," आतून आवाज येतो, "आहे मी."

तरी ती लगेच हलत नाही.