जावयाने उसने आणलेले फ्रिज

जावई हे देवाने सासऱ्याचं ब्लडप्रेशर वाढवायला पाठवलेलं यंत्र आहे. माझ्या जावयाची गोष्ट सांगायला बसलो की आजही माझं डोकं असं तापतं, की त्यावर चहाचं आधण ठेवावं.

शेजाऱ्याच्या गच्चीवर पाच किलोवॅटचं सोलर बसलं आणि ह्याच्या पोटात दुखायला लागलं. "बाबा, आपल्याकडे दहाचं बसणार."

"अरे, माणसं आपण तीन. चार दिवे, तीन पंखे, एक फ्रिज. उरलेली वीज काय सूर्याला परत पाठवणार?"

"तुम्हाला नाही कळायचं."

मला कळत नव्हतं म्हणे! आमच्या गच्चीवर लेकीची रोपवाटिका. मिरची, टोमॅटो, गुलाबाची कलमं. सगळा बाजार तिच्याकडून रोपं नेतो. तेच तिचं काम, तीच तिची मिळकत. दहा किलोवॅट म्हणजे कठड्यापासून कठड्यापर्यंत नुसती पॅनेलं. त्यांच्याखाली तिने काय, वटवाघळं पाळायची? ती त्याला सांगून थकली, "अहो, टाकीशेजारी मावेल तेवढंच घ्या." पण पालथ्या घड्यावर पाणी.

पुढे कुणीतरी ह्याच्या कानात सांगितलं, की सोलर कंपनीची माणसं घरातला विजेचा वापर बघून साइज ठरवतात. झालं! आपण पाहुणे येणार म्हणून शेजारून खुर्च्या आणतो, तसे ह्या पठ्ठ्याने गल्लीतून फ्रिज आणले. फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीन, कुणाची विजेची शेगडी, कुणाची इस्त्री. लेक रोपं पोचवायला बाजारात गेली होती, तेवढ्यात. सगळं एकदम चालू केलं तेव्हा घर असं घुमलं, की पाल भिंत सोडून पळाली. मांजर तर दूध कुठल्या फ्रिजात आहे हे शोधता शोधता वाळलं. आणि मीटरचा दिवा असा मिचमिचत होता, जणू त्याच्या डोळ्यात तिखट गेलंय.

कंपनीच्या इंजिनिअर बाई आल्या. बिचाऱ्या फ्रिजांमधून तिरक्या होऊन चालत होत्या. "मागची बिलं बघू?"

"बिलं जुन्या परिस्थितीची आहेत," जावई म्हणाला. "आता आमची प्रगती झालीय."

मी तोंड उघडलं, तर ह्याने माझ्या कानाशीच मिक्सर चालू केला. सासऱ्याच्या कानाशी!

बाई गच्चीवर गेल्या आणि खडूने पॅनेलांची जागा आखू लागल्या. रेघ सगळे वाफे पोटात घेऊन कठड्याला टेकली, तेवढ्यात लेक रिकामे क्रेट घेऊन वर आली. तिने रेघ पाहिली. क्रेट असे आपटले की खाली सगळे कूलर गप्प झाले.

"माझ्या रोपांवर छप्पर घालतोयस?" लग्नापासूनचं 'अहो' तिथल्या तिथे मेलं. "अरे, तुझा मोठेपणा मिरवायला माझं ऊन हवंय होय तुला?"

"अगं, बाहेरच्या माणसांसमोर..."

"बाहेरच्या माणसांनाच बोलावते ना!" ती कठड्यावरून वाकली आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडली, "ज्याचा त्याचा फ्रिज घेऊन जा! कूलरवाले, तुम्हीही या! इस्त्री गरम आहे, जपून धरा!"

जिन्यावर हीऽ गर्दी झाली. बाईंनी एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा जावयाकडे, आणि पायाने रेघ पुसायला लागल्या. "ताई, तुमचं स्वतःचं काय काय आहे?"

लेकीने सांगितलं. बाईंनी मनाशी हिशोब केला. "दोन किलोवॅट पुरे. टाकीशेजारी बसेल. वाफ्यांवर सावलीसुद्धा पडणार नाही."

लेकीने त्यांच्या हातातला खडू घेतला आणि टाकीशेजारची रेघ स्वतः ओढली, इतकी दाबून की खडूचा चुरा झाला.

जावई तो एवढासा चौकोन बघत उभा. "दोनच? शेजारी काय म्हणतील?"

"शेजारीच खाली जिन्यात फ्रिज उतरवताहेत," लेक म्हणाली. "जा, हात लाव आणि विचार."